कुणीतरी वाट बघणारं हवं : घरगुती धंद्यातला हुरूप आणि वेळेचा मेळ

(इन्सुली येथे घरगुती उद्योग करणाऱ्या महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आम्ही म्हणजे दोघी जावा. बोलणार एक आहे, पण हिशोबाची वही दुसरीच्या मांडीवर आहे. त्यामुळे मी काही चुकीचं सांगितलं तर ती मला इथेच थांबवील. धंदा आमचा दोघींचा, म्हणून आज सगळं ‘आम्ही’ असंच बोलणार.

आम्ही काय करतो ते समोर बसलेल्यांना माहीत आहे. मोबाईलवर ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. आगळ, सोलां, कुळथाचं पीठ, मसाला, थोडे पापड. चतुर्थीला ऑर्डर असेल तर मोदकाचं पीठ आणि नेवऱ्या. मोठं काही नाही. इन्सुलीत दर चार घरांमागे एका घरात यातलं काहीतरी होतंच. पण यातल्या कितीतरी घरांत ते दोन-तीन वर्षं चालतं आणि मग गुपचूप बंद होतं. बंद झाल्याचं कोणी सांगतही नाही. ‘सध्या जरा वेळ गावना नाय’ एवढंच ऐकू येतं. आमचंही तसंच होणार होतं. तिथूनच सुरुवात करतो.

सहा वर्षांपूर्वीचा मे महिना. परसातल्या झाडांचे रातांबे होतेच, शिवाय शेजारच्या वाडीतून विकत घेतले. पैसे बचतगटातून कर्जाऊ काढलेले, पंधरा हजार. ज्यांनी सोलां केली आहेत त्यांना माहीत आहे, हे काम एका दिवसाचं नाही. फळ फोडायचं, बिया आणि गर वेगळा करायचा, रसात मीठ घालायचं, साली उन्हात टाकायच्या आणि मग त्या रोज रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या. हे पुट चुकले की सोल फिकं राहतं, चामट राहतं. त्यात त्या महिन्यात घरात लग्न निघालं. पहिले दोन पुट नीट झाले. तिसऱ्या दिवसापासून ‘आज नको, फाल्या करूया’. एक दिवस, दोन दिवस. मग एका दुपारी आम्ही दोघी बांद्याला बाजारात असताना घाटाच्या बाजूने आभाळ आलं आणि अर्ध्या तासात वळवाने सगळं भिजवलं. घरी येईस्तोवर खळ्यात लाल पाणी वाहत होतं. गोळा केलं, पंख्याखाली घातलं, चार दिवसांनी बुरशी. सगळं माडाच्या आळ्यात ओतलं.

घरात कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘ऱ्हवांदे गो, घरातला बघून जमता तितक्याच करूचा.’ म्हणजे काय, तर हे तुमचं काम तसंही फावल्या वेळातलंच. पंधरा हजारांचं कर्ज मात्र फावल्या वेळातलं नव्हतं. ते फेडायला पुढची चतुर्थी आणि त्याच्या पुढची जत्रा गेली.

नंतर आम्ही पुष्कळ विचार केला. आम्ही आळशी होतो का? त्याच मे महिन्यात आम्ही रोज पहाटे पाचला उठत होतो. लग्नाला दोनशे माणसांचं जेवण, पाहुणे, देवकार्य, कशात कमी पडलो नाही. मग सोलांनाच उत्साह कुठे गेला? उत्तर साधं होतं आणि ते कळायला आम्हाला वर्ष लागलं. जेवणाची पाहुणे वाट बघत होते. भटजी, वाजंत्री, मांडववाला सगळे वाट बघत होते. सोलांची वाट बघणारं कोणीच नव्हतं. ज्या कामाची कोणी वाट बघत नाही, ते घरात नेहमी मागे ढकललं जातं. तुम्ही कितीही हौशी असा.

आता याच मुद्द्यावर एक मोठं उदाहरण सांगतो. लिज्जत पापड. नाव सगळ्यांना माहीत, जाहिरातीतला ससाही माहीत. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. भांडवल 80 रुपये, तेही छगनलाल पारेख नावाच्या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये. हे आकडे आम्ही मुद्दाम पाठ केलेत, कारण मोठ्या धंद्याचं नाव घेतलं की आपण लगेच म्हणतो, ‘त्यांचा वेगळा आसा.’ चार पाकिटांत वेगळं काय होतं?

त्यांची पद्धत बघा. पीठ बायका आपापल्या घरी मळत नाहीत. पीठ मळतात केंद्रावर. बायका सकाळी लवकर जातात, आदल्या दिवशी लाटलेले पापड देतात, ते वजन होतात, तपासले जातात, लाटल्याची मजुरी मिळते, जिला त्या ‘वणाई’ म्हणतात. मग त्या दिवसाचं पीठ घेऊन घरी. लाटणं घरात, वाळवणं घरात. पोर रडलं तर उठता येतं, भात करपायला लागला तर उतरता येतो. पण उद्या सकाळी ते पापड मोजून द्यायचे आहेत.

यात हुरूप कुठे आला? म्हटलं तर कुठेच नाही. त्या बाईला रोज सकाळी स्वतःला समजवावं लागत नाही की ‘ऊठ, आज काम करूया’. पीठ आणलंय, ते ठेवलं तर खराब होईल. उद्या मोजणारी बसलीय. शिवाय काल केलेल्याचे पैसे हातात आलेत. काम घरचं, पण त्याची चौकट घराबाहेरची. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा आम्हाला जरा हायसं वाटलं, कारण तोपर्यंत आम्ही आपल्याच स्वभावाला दोष देत होतो. आपण एकटीने किंवा दोघींनी धंदा करतो तेव्हा पीठ देणारी, मोजणारी आणि लाटणारी आपणच. मग मोजणारीला लाटणारीची दया येते! तिथे सगळं सैल होतं.

म्हणून आम्ही पहिली गोष्ट केली ती ही, की वाट बघणारं माणूस तयार केलं. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पत्रादेवी ओलांडली की आपल्याला गोवा लांब नाही. तिथे एका बसणाऱ्या बाईशी बोललो, दर शुक्रवारी सकाळी अमुक इतका माल देऊ, गेल्या शुक्रवारच्या मालाचे पैसे या शुक्रवारी. प्रमाण सुरुवातीला हसण्यासारखं होतं. पीठ चार किलो, आगळाच्या दहा बाटल्या. पण ती बाई फटकळ. एका शुक्रवारी आम्ही गेलो नाही, तर फोनवर जे ऐकवलं ते इथे सांगता येणार नाही. ती बोलणी फार उपयोगी पडली. त्यानंतर गुरुवारचं पॅकिंग चुकलेलं नाही.

तुमच्याकडे म्हापसा नसेल, बांदा असेल, सावंतवाडी असेल, मुंबईतल्या एका सोसायटीतल्या पंधरा बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट असेल. चाकरमानी असेल, ज्याला चतुर्थीहून परतताना गाठोडं न्यायचं आहे. कोण आहे याला महत्त्व नाही. ठरलेला दिवस, ठरलेलं प्रमाण आणि न दिल्यास विचारणारं तोंड, एवढं हवं. ‘कोणाला लागलं तर सांगा’ असं स्टेटस ठेवून कोणी वाट बघत नाही.

आता घरातल्या घरात काय. घरी काम करणाऱ्या बाईचं मोठं दुखणं म्हणजे ती घरी असते. नोकरीवाली पाऊण वाजता कुठे आहे हे कोणी विचारत नाही. आपल्याला मात्र, ‘गो वयनी, तू घराकच असतंस मा?’ म्हणजे सिलेंडरवाला येईल तो बघ, पोरगं शाळेतून येईल ते ठेव, पोस्टमन आला तर सही कर. एकेक काम पाच मिनिटांचं. पण पीठ भाजायला बसलेली बाई पाच मिनिटं उठली तर कुळीथ करपतो. मग ती भाजायलाच बसत नाही.

आम्ही दोन गोष्टी केल्या. मागच्या बाजूला गुरांचा जुना मांगर रिकामा होता. तो सारवून, वर पत्रे बदलून, आत एक टेबल आणि वजनकाटा ठेवला. स्वयंपाकघरातून धंदा बाहेर काढला. दहा पावलांचं अंतर आहे, पण ते फार मोठं अंतर आहे. दुसरी गोष्ट, वेळ. दुपारी दोन ते साडेचार. सकाळ आम्ही घराला दिली, कारण कोकणातल्या घरात सकाळ मागून मिळत नाही, आणि खोटं वेळापत्रक करून उपयोग नाही. अडीच तास म्हणजे थोडेच. पण दोघी मिळून पाच, आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर पंचवीस. पूर्वी आम्ही ‘दिवसभर धंदाच करतो’ असं म्हणायचो तेव्हा मोजलं असतं तर दहा तासही निघाले नसते.

आणि एक गंमत सांगतो. अन्नपदार्थ करताना केसांवर टोपी घालायला सांगतात, स्वच्छतेसाठी. आम्ही घालायला लागलो आणि लक्षात आलं, टोपी घातलेल्या बाईला घरातलं कोणी हाक मारत नाही! दारापर्यंत येतात, टोपी बघतात, परत जातात. साडीच्या पदराला कमर खोचलेली बाई सगळ्यांची, टोपीतली बाई कामावर. सासऱ्यांनी तर एकदा पाहुण्यांना सांगितलं, ‘त्यो ड्युटीर आसत.’ त्या दिवशी आम्हाला नोकरी लागल्यासारखं वाटलं.

वर्षाचं नियोजन. इथे वही नको, अ‍ॅप नको, भिंतीवरचं कालनिर्णय पुरे. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळ आपल्या मालवणचे, 1973 पासून ते निघतं. आपल्या आया त्यावर दुधाचे लिटर आणि गॅस लागल्याची तारीख लिहीत आल्या. तोच पंचांगाचा कागद धंद्याला वापरायचा. फक्त आम्ही स्वयंपाकघरातलं वेगळं आणि मांगरातलं वेगळं, अशी दोन घेतो. मांगरातल्यावर दूध लिहायचं नाही, ही एकच अट.

नवीन कालनिर्णय आलं की आम्ही मागून सुरुवात करतो. चतुर्थी कधी आहे? तिथून मागे मोजायचं. मोदकाच्या पिठाची ऑर्डर कधी बंद, तांदूळ कधी धुवायचा, पिशव्या कधी मागवायच्या. मग मृग. मृगाच्या आधी पंधरा दिवस जाड रेघ. त्या रेघेच्या पलीकडे एकही सोल उन्हावर विसंबून नाही. त्या रेघेच्या आत घरात लग्न असेल तर रातांबे कमी घ्यायचे किंवा सोलां सोडून फक्त आगळ करायचं, कारण आगळाला ऊन लागत नाही. हे आधी ठरवलं असतं तर ते पंधरा हजार वाचले असते. काजू, फणस, आंबा, मिरची कुटणं, सगळं मार्च ते मेमध्ये एकदम अंगावर येतं. त्या तीन महिन्यांत सगळंच करायला गेलात तर जूनमध्ये अंथरूण धरता. आम्ही आंबापोळी सोडली. चांगली व्हायची, लोक अजून विचारतात. पण सोडली.

हिशोबाकडे येताना गिरणगावाची आठवण काढायला हवी. आपल्या आज्या-पणज्यांचे नवरे मुंबईत गिरणीत होते, आणि ते जेवायचे खाणावळीत. खाणावळ म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत एक बाई दोन वेळचं जेवण करायची. घरगुती धंदाच तो. कामगार पैसे द्यायचा महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर बाई वाण्याकडून उधार आणायची, व्याजाने. म्हणजे राबायची बाई आणि सुटायचं वाण्याला. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर मिळवून दिलं. त्या बायकांच्या कष्टात काही कमी नव्हतं. रोज पहाटे उठत होत्या, आणि वाट बघणारी भुकेली माणसं तर भरपूर होती. कमी होतं ते हे, की पैसा कुठून येतो आणि कुठे जातो यावर त्यांचा हात नव्हता. म्हणून मघाचा आमचाच मुद्दा थोडा दुरुस्त करतो. वाट बघणारं माणूस पुरत नाही, त्याने वेळेवर पैसे द्यायला हवेत. आमचंही एका दुकानात सहा महिने अडकलं होतं. नाव घेत नाही. ‘पुढच्या फेरीला’ म्हणत गेले आणि आम्ही संकोचाने माल देत गेलो. पैसे येत नसलेला धंदा माणसाला जितका थकवतो तितकं काम थकवत नाही.

आता पिठाचा हिशोब करून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे वेगळे असतील. कुळीथ 5 किलो, 120 रुपयांनी 600. दळण 60, जळण 70, पिशव्या आणि लेबलं 90. एकूण 820. भाजून, भरडून, साल काढून पीठ मिळालं 4 किलो. 260 रुपयांनी विकलं, 1,040. उरले 220. छान. त्यातून बांद्याला जायचे-यायचे 80 गेले, राहिले 140. आणि निवडण्यापासून पॅक करण्यापर्यंत लागले 7 तास. म्हणजे तासाला 20 रुपये. हा भागाकार आम्ही पहिल्यांदा केला तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत बसलो. आजवर ‘पिठाला फार मागणी आहे’ म्हणून खूश होतो!

उत्तर किंमत वाढवणं एवढंच नव्हतं. फेरी एका मालासाठी करायची नाही, भाजणं एकदम वीस किलोचं करायचं, निवडायला शेजारच्या काकींना मजुरी देऊन बसवायचं. आणि आम्ही स्वतःलाही मजुरी लिहायला लागलो. डब्यात खरोखर पैसे टाकतो, दर शनिवारी, तासाप्रमाणे. रक्कम लहान असते. पण ‘उरलं तर आपलं’ आणि ‘हे आपलं, आता उरलं किती बघू’ यात फरक आहे. घरखर्चाला त्या डब्यातून उसने काढायचे झाले तर चिठ्ठी टाकायची. सुरुवातीला त्यात चिठ्ठ्याच जास्त होत्या, ही म्हणते ते खरं आहे.

लिज्जतच्या बायकांना पारेखांनी दिलेला एक सल्लाही इथे सांगण्यासारखा आहे. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करायच्या, एक चांगला, एक स्वस्तातला. त्यांनी स्वस्तातला बंद करायला लावला आणि हिशोब चोख ठेवायला सांगितला. आम्ही ‘घरच्यांसाठी’ आणि ‘विकायला’ असा भेद त्यानंतर बंद केला. तसंच नोंदणीचं. अन्नसुरक्षेचा 14 अंकी नंबर लेबलवर हवाच. तो घ्या, त्यात भाषण करण्यासारखं काही नाही.

राहिला पावसाळा. जुलैत काय होतं ते बोलायला हवं, कारण धंदे बंद पडतात ते तेव्हा. ऊन नाही, वीज जाते-येते, भिंतींना ओल, माल विकला जात नाही, आणि मन असं बसतं की टोपी घालायचाही कंटाळा. लिज्जतचंही पहिल्या वर्षी तसंच झालं. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट आणली आणि एक शेगडी. पापड खाटेवर, शेगडी खाटेखाली. झालं. काम सुरू राहिलं. आमच्या मांगरात ही खाट आता आहे, खाली चुलीतला निखारा. सगळं काही त्यावर वाळत नाही, पापडापुरतं चालतं.

बाकी पावसात आम्ही उन्हाचं काम मागतच नाही. लेबलं, हिशोब, बाटल्या उकळणं, जुन्या गिऱ्हाइकांना फोन. ‘चतुर्थीला येताय ना? किती बाटल्या ठेवू?’ या एका फोनाने जुलै सुसह्य होतो, कारण तिकडून कोणीतरी म्हणतं, ‘गेल्या वर्षीचं आगळ संपलं हो, वाट बघतोय.’ आणि चतुर्थीचे दिवस धंदा बंद. पूर्ण. मांगराला कुलूप. ती रजा कालनिर्णयावर आधी लिहिलेली असते, त्यामुळे अपराधी वाटत नाही. ठरवून घेतलेली सुट्टी आणि हातून निसटलेला दिवस, दोन्हीत काम होत नाही, पण दुसऱ्या दिवशी उठताना फरक कळतो.

तुमच्यातून मघाशी एक चिठ्ठी आली आहे. ‘मी एकटीच करते, जाऊ नाही, सासू नाही. मोजणारी कुठून आणू?’ हा प्रश्न आम्ही टाळणार नाही, कारण आमचं बरंचसं जमलं ते दोघी होतो म्हणून. एक रुसली तर दुसरी खेचायची. एकटीने करणं जास्त कठीण आहे. पण जोडीदारीण एकाच धंद्यातली असावी लागत नाही. आमच्याच वाडीत एक शिवणकाम करते आणि दुसरी लाडू करते. दोघी रोज रात्री नऊला एकमेकींना फोटो पाठवतात, आज काय झालं त्याचा. शिवलेला ब्लाऊज, भरलेला डबा. काही झालं नसेल तर रिकाम्या टेबलाचा. एवढंच. सल्ला नाही, कौतुक नाही. रिकाम्या टेबलाचे फोटो त्यांच्याकडेही आहेत, पण सलग तीन नाहीत.

चिठ्ठी जिची आहे तिने नाव लिहिलेलं नाही, ते बरोबर आहे, नको लिहू. येत्या शुक्रवारी आम्ही म्हापशाला जातोय, गाडीत एक जागा आहे. तुझं जे काही असेल, दोन किलो का असेना, घेऊन सकाळी साडेपाचला तिठ्यावर ये. गाडी तिथे पाच मिनिटं उभी असते.